घोडबंदर रोडवरून युद्ध कसे मागावे

युद्ध व्हावे अशी आपली मनापासून इच्छा असेल, तर सर्वप्रथम आपला पत्ता योग्य आहे याची खात्री करून घ्यावी. ठाण्यातील घोडबंदर रोडवरील बाविसावा मजला या कामी उत्तम; तेथून येऊर दिसते, खाडी दिसते आणि मनात आणले तर शत्रूची राजधानीही दिसते.

पत्त्याला एवढे महत्त्व का, ते इंग्रजांना विचारावे. सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री जर्मन बॉम्ब पडले. पुढे एप्रिल १९४१ मध्ये ब्रिटिश जनतेचा कौल घेण्यात आला, की जर्मनीच्या नागरी वस्तीवर तसेच बॉम्ब टाकून सूड उगवावा काय. ज्यांनी शेजारचे घर ढासळताना पाहिले होते, त्या लंडनच्या आतल्या वस्त्यांत होकार आणि नकार जवळजवळ बरोबरीत निघाले. आणि ज्यांना या बॉम्बची झळ फारशी लागलीच नव्हती, त्या उत्तरेकडील कम्बरलँडसारख्या ग्रामीण भागात सुमारे तीन चतुर्थांश लोक सूडासाठी उत्सुक होते. आपण कम्बरलँडकरच राहावे.

नौपाड्यातील एखाद्या आजींपासून मात्र सावध असावे. डिसेंबर १९७१ मध्ये खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवण्यासाठी खळ कशी शिजवली, मोटारींचे दिवे अर्धे काळे कसे रंगवले आणि भोंगा वाजला की रडणाऱ्या पोराला अंधारात कसे गप्प केले, हे सारे त्या तपशीलवार सांगतात. ठाण्यावर बॉम्ब पडला नव्हता हे त्यांच्या निदर्शनास आणून द्यावे. (त्यांना ते ठाऊक असते, त्या रात्री नव्हते.)

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा भोंग्याचे चित्रीकरण सोसायटीच्या ग्रुपवर टाकून आपण कर्तव्य बजावलेच असेल. त्याच दिवशी तोफांच्या माऱ्याखाली घरदार सोडणाऱ्या पूंछकरांना त्या ग्रुपवर घेऊ नये. चर्चेचा जोश उतरतो.

थोडा धीर धरलात, तर उरलेले काम काळच करील. हिरोशिमा व नागासाकीच्या अणुहल्ल्यांतून वाचलेल्या नोंदणीकृत लोकांची संख्या मार्च २०२५ अखेर प्रथमच एक लाखाच्या खाली आली असून त्यांचे सरासरी वय ८६ च्या पुढे गेले आहे. त्यांच्या संघटनेला २०२४ चे शांततेचे नोबेल मिळाले, त्याबद्दल अभिनंदनाचा ठराव अवश्य करावा. मात्र त्यांचे म्हणणे ऐकण्याचा विषय पुढील सभेवर ढकलावा.