सुया टोचा, वीर्य साठवा, जेल चोळा: ‘९० दिवसांत शुक्राणू दुप्पट’चा समाचार

नातेवाइकांच्या आणि शाळेच्या जुन्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: ‘फक्त ९० दिवस! शुक्राणू दुप्पट! ॲक्युपंक्चरच्या १२ बैठका घ्या. ९० दिवस कडक ब्रह्मचर्य पाळा. टेस्टोस्टेरॉनचं जेल किंवा इंजेक्शन घ्या, तीच पुरुषाची ताकद. झिंक आणि फॉलिक ॲसिड रोज. लॅपटॉप, घट्ट कपडे, तंबाखू बंद. रिपोर्ट काढू नका, रिपोर्टचं टेन्शनच शुक्राणू मारतं. आधी पत्नीच्या सगळ्या तपासण्या उरकून घ्या.’ खाली हात जोडल्याची चित्रं आणि ‘गरजूंपर्यंत पोहोचवा’.

तो गरजूंपर्यंत पोहोचला. माझ्या मावसभावाने वीर्यतपासणीची ठरलेली वेळ रद्द केली आणि जेलची चौकशी सुरू केली. म्हणून हा खटाटोप. मुद्दे त्या मजकुराच्या क्रमाने घेत नाही. ज्याने सगळ्यात जास्त वाट लागते, तिथून सुरुवात.

टेस्टोस्टेरॉन घ्या म्हणे

मूल हवं असलेल्या पुरुषाने करू नये अशी एकच गोष्ट निवडायची झाली, तर ती ही. बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, शुक्राणू वाढवत नाही, त्यांचा कारखाना बंद करतं.

कसं, ते नीट समजून घ्या. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी दोन हॉर्मोन सोडते. एलएच अंडकोषातल्या लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं आणि एफएसएच शुक्राणू वाढवणाऱ्या सर्टोली पेशींना कामाला लावतं. शुक्राणू तयार व्हायला अंडकोषाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कैक पटींनी जास्त लागतं, आणि ते तिथेच बनावं लागतं. इंजेक्शन घेतलं, जेल चोळलं की रक्तातली पातळी चढते. ती पाहून मेंदू समजतो की माल भरपूर आहे, आणि एलएच, एफएसएच दोन्ही थांबवतो. मग रक्तात सुकाळ आणि अंडकोषात दुष्काळ. वरून माणूस तगडा दिसतो, उत्साह वाढतो, रक्ताच्या रिपोर्टात आकडा मस्त येतो. आत काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, शून्याकडे चाललेला असतो आणि अंडकोषही आकाराने लहान होत जातात.

हे कुणा एका डॉक्टरचं मत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने हाच परिणाम गर्भनिरोधक म्हणून वापरता येतो का, हे मुद्दाम तपासलं होतं. सात देशांतली दहा केंद्रं, २७१ निरोगी पुरुष, दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेटचं इंजेक्शन. सहा महिन्यांच्या आत १५७ जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. त्या पुरुषांनी पुढे वर्षभर दुसरं कुठलंही साधन न वापरता फक्त या इंजेक्शनवर भरवसा ठेवला आणि एकूण एकच गर्भधारणा झाली. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ जे पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून माहीत आहे, ते हा मजकूर मूल होण्यासाठी घ्यायला सांगतोय.

आधीच घेत असाल तर? हातपाय गाळू नका, पण गप्पही बसू नका. अशा चाचण्यांतल्या पुरुषांचा एकत्रित हिशेब २००६ साली ‘लॅन्सेट’मध्येच आला. इंजेक्शनं बंद केल्यावर सहा महिन्यांत सुमारे ६७ टक्के, वर्षभरात ९० टक्के आणि दोन वर्षांत सगळे पुन्हा दर मिलिलिटरला दोन कोटी शुक्राणूंवर पोहोचले. मात्र हे सुरुवातीला काउंट चांगला असलेले पुरुष होते आणि डोस मोजूनमापून दिलेला होता. जिममध्ये दोन-तीन प्रकारचे स्टेरॉइड एकत्र, जास्त डोसने आणि वर्षानुवर्षं घेतलेल्याला हाच हिशेब लागू होईल असं धरून चालू नका. डॉक्टरांना सगळं खरं सांगा, जिमच्या ‘सरांनी दिलेली पावडर’ धरून. तिचा डबाच सोबत न्या. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन खरोखरच कमी असेल (ते सकाळी तपासायचं असतं, दुपारी चारला नाही), तर मूल हवं असलेल्यांसाठी एचसीजी किंवा क्लोमिफीनसारखे, अंडकोषालाच टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणाऱ्या औषधांचे, वेगळे मार्ग आहेत. ते तज्ज्ञाने ठरवायचे, मेडिकलच्या काउंटरवर नाही. आणि जेल लावलेली त्वचा बायकोच्या किंवा घरातल्या लहान मुलाच्या अंगाला लागली, तर ते हॉर्मोन त्यांच्याही शरीरात जातं.

वीर्य साठवा म्हणे

मूल हवंय, आणि तीन महिने संबंधच ठेवायचे नाहीत! यात तीन पाळीचक्रं, म्हणजे गर्भ राहण्याच्या तीन संधी सरळ वाया गेल्या, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यातही आलेलं नाही.

शुक्राणूंचं उत्पादन बँकेतल्या ठेवीसारखं व्याजाने वाढत नाही. ते रोज कोट्यवधींनी चालूच असतं, तुम्ही ‘जपा’ किंवा जपू नका. तयार झालेले शुक्राणू अंडकोषाच्या मागच्या एपिडिडिमिस नावाच्या नळीत थांबतात. तीन-चार दिवस थांबलात तर एका नमुन्यातली संख्या वाढलेली दिसते, हे खरं. पण थांबण्याचे दिवस लांबले की जुने, सुस्त आणि मेलेले शुक्राणू साचतात, डीएनएची मोडतोड वाढते. संख्या फुगते, दर्जा घसरतो. गर्भ राहण्याचा काळ म्हणजे बीजोत्सर्गाचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस. त्या काळात रोज किंवा एक दिवसाआड संबंध, इतकं सोपं आहे.

‘चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब’ हे वाक्यही मजकुराच्या एका लांबलेल्या आवृत्तीत आहे. वीर्याचा बहुतांश द्रव वीर्यकोशातून आणि प्रोस्टेटमधून येतो, शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा. रक्त आटवून ते बनत नाही.

सुया

इथे थोडं सावरून बोलावं लागेल. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरला कायद्याने मान्यता दिली आहे आणि प्रशिक्षित माणसाने एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुयांनी केलं तर धोका फारसा नाही. पण कायद्याची मान्यता म्हणजे शुक्राणू वाढल्याचा पुरावा नव्हे.

‘१२ बैठका’ हा आकडा कुठून आला असावा, याचा अंदाज करता येतो. २००९ साली जर्मनीतल्या एका चाचणीत अतिशय कमी काउंट असलेल्या ५७ पुरुषांना दोन गटांत विभागलं. एकाला खरं ॲक्युपंक्चर, दुसऱ्याला खोटं, आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे. शुक्राणूंची हालचाल खऱ्या गटात थोडी सुधारली. संख्या वाढली नाही. म्हणजे ‘दुप्पट’ सोडाच, ज्या गोष्टीचा मजकूर गाजावाजा करतो तीच तिथे घडली नाही.

आणि सहा आठवड्यांत ती घडायची तरी कशी? एक शुक्राणू मूळ पेशीपासून तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, त्यावर एपिडिडिमिसमधून पुढे सरकायला आणखी काही दिवस ते दोन आठवडे. मजकुरातला ‘९० दिवस’ हा एक आकडा त्यामुळे बरोबर आहे, हे नाइलाजाने मान्य. आज केलेल्या बदलाचा परिणाम रिपोर्टात दिसायला तीन महिने द्यावेच लागतात. पण मग दीड महिन्याच्या सुया उत्पादन वाढवतील हे त्याच गणितात बसत नाही.

‘आमच्या ओळखीच्याचा काउंट सुयांनी वाढला’ यावर एवढंच: एकाच माणसाचा काउंट दोन महिन्यांत औषधाविना दुपटीने वर किंवा निम्म्याने खाली जाऊ शकतो. सगळ्यात वाईट रिपोर्ट आल्यावर माणूस उपचार सुरू करतो, पुढचा रिपोर्ट आपसूक बरा येतो, आणि श्रेय सुईला जातं. करायच्याच असतील सुया, तर करा. तपासणी मात्र आधी.

रिपोर्ट नको म्हणे

टेस्टोस्टेरॉननंतरचा सगळ्यात घातक सल्ला हा. काही शे रुपयांत, शरीराला सुईही न टोचता होणारी ही तपासणी. ती धड व्हावी म्हणून:

शेवटच्या वीर्यस्खलनाला किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस झालेले असावेत. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरी घ्यायचा तर लॅबने दिलेल्या रुंद तोंडाच्या बाटलीत, आणि तासाच्या आत पोचवावा, खिशात अंगाच्या उबेत ठेवून, बर्फात नाही. साधं निरोध वापरू नका, त्यावरची रसायनं शुक्राणू मारतात. साबण, तेल, थुंकी काहीही नको. पहिला थेंब बाटलीबाहेर सांडला तर लपवू नका, लॅबला सांगा: सर्वाधिक शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात. टायफॉइड, डेंग्यूसारखा मोठा ताप येऊन गेला असेल तर तीन महिने थांबा, नाहीतर तापाने पाडलेला काउंट तुमच्या माथी बसेल. रिपोर्ट बिघडलेला आला तर एकावर निकाल लावू नका, काही आठवड्यांनी दुसरा काढा.

आता वाचायचा कसा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेतल्या किमान मर्यादा: वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १.६ कोटी शुक्राणू, एकूण ३.९ कोटी, हलणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. ही पास-नापासची रेघ नव्हे. वर्षभरात मूल राहिलेल्या जोडप्यांतल्या पुरुषांपैकी सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांची ती सीमा आहे. सगळ्यात जास्त घबराट त्या ४ टक्क्यांनी होते. ‘माझे ९६ टक्के शुक्राणू खराब’ म्हणून रात्रीची झोप उडालेले लोक असतात, आणि ते पूर्ण नॉर्मल असतात. दुसरा घोळ ‘पस सेल्स’चा, म्हणजे जंतुसंसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा. अपरिपक्व शुक्रपेशी आणि पांढऱ्या पेशी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच गोल दिसतात, वेगळा रंग लावून पाहिल्याशिवाय फरक कळत नाही. तरी लक्षणं नसलेल्यांना तेवढ्यावर अँटिबायोटिक्सचे कोर्स दिले जातात.

रिपोर्ट ‘निल’, म्हणजे एकही शुक्राणू नाही असा, आला तर प्रश्न वेगळाच होतो आणि तिथे ना सुई चालत ना अश्वगंधा. वीर्य कमी, आम्लधर्मी आणि त्यात फ्रुक्टोज (वीर्यात असणारी साखर) नाही, तर वाटेत अडथळा किंवा जन्मतःच शुक्रवाहिनी नसणं. एफएसएच चढलेलं आणि अंडकोष लहान, तर कारखान्यातच बिघाड. मग कॅरिओटाइप (सगळ्या गुणसूत्रांची तपासणी) आणि वाय गुणसूत्राची तपासणी. मधुमेह जुना असेल आणि वीर्य जेमतेम थेंबभर येत असेल, तर ते उलटं मूत्राशयात जातंय का, हे नंतरची लघवी तपासून कळतं. व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषावरच्या फुगलेल्या शिरा, तर मूल न होणाऱ्या पुरुषांत ३५ ते ४० टक्के आढळतात. डॉक्टर उभं करून हाताने तपासतात, दोन मिनिटांत कळतं. काउंट बिघडलेला असेल तर शस्त्रक्रियेचा उपयोग होऊ शकतो. यातलं काहीही ९० दिवस ब्रह्मचर्य पाळून उघडकीला येत नाही.

उरलेलं

झिंक आणि फॉलिक ॲसिड: अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर चाचणी झाली. पुरुषांना सहा महिने रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड आणि ३० मिलिग्रॅम झिंक. मूल होण्याचं प्रमाण ही औषधं घेणाऱ्यांत ३४ टक्के, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत ३५. वर औषधं घेणाऱ्यांतच शुक्राणूंच्या डीएनएची मोडतोड किंचित जास्त आणि पोटाच्या तक्रारीही. २०२० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. विषय संपला.

लॅपटॉप, घट्ट चड्डी, तंबाखू: हे अर्धं नाही, बरंचसं खरं आहे. अंडकोषाला शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंडावा लागतो. लॅपटॉप मांडीवर घेऊन तासभर बसल्यास तिथलं तापमान अडीच अंशांहून जास्त चढतं, हे मोजलेलं आहे. भट्टीवर, बॉयलरपाशी किंवा तासन्‌तास ड्रायव्हिंग सीटवर असणाऱ्यांनी अधूनमधून उठावं, सैल सुती कपडे घालावेत, कढत पाण्याचे टब टाळावेत. तंबाखू मळलेली असो, गुटख्यातली असो की सिगारेटमधली, सोडाच. पोटाचा घेर कमी करा. हे सगळं तपासणीसोबत करायचं, तपासणीऐवजी नाही.

आणि ‘आधी पत्नीच्या सगळ्या तपासण्या’. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बायकोकडच्या कारणासोबत. तरी आपल्याकडे तिच्या सोनोग्राफ्या, नळ्यांचा एक्स-रे, कधी लॅपरोस्कोपीसुद्धा (पोटात दुर्बीण घालून तपासणी) होऊन जाते आणि नवऱ्याची बाटली कोरीच राहते. वर्षभर प्रयत्न करून गर्भ राहिला नाही, किंवा ती पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांत, दोघांची तपासणी एकाच आठवड्यात सुरू करायची. मावसभावाची बायको चौतिशीत आहे. त्याने नवी वेळ घ्यावी, आणि तीही पुढच्या महिन्याची नको.