अभयारण्य मिळालंय? अभिनंदन!

बदली होऊन अभयारण्य तुमच्या ताब्यात आलं, फार छान झालं. आता जीपमधून एक चक्कर मारा. नान्नजसारखा सोलापुरी माळ वाट्याला आला असेल, तर जीव खट्टू होईल. नुसतं गवत! कुसळी, पवन्या, मारवेल. साहेब पाहणीला आले तर दाखवायचं काय, कुसळं?

कोणीतरी अभ्यासक गाठून सांगेलच, की माळढोक पक्ष्याची मादी उघड्यावर, जमिनीवरच अंडं घालते, तेही बहुधा एकच. तिला चहूकडे लांबवर दिसावं लागतं. चिंकारा, लांडगा, धाविक पक्षी, सगळे याच गवताचे. त्या अभ्यासकाला चहा पाजा. मग गवताची नोंद 'पडीक' अशी करा आणि खड्डे घ्या.

रोपं गिरिपुष्पाचीच मागवा. मूळची मध्य अमेरिकेतली, पण नाव कसं शुद्ध वाटतं! (उंदीरमारी हे दुसरं नाव फलकावर नको.) जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे जगलेल्या रोपांचा आकडा झकास येतो. पाहुण्यांनी पिशवीसकट रोप खड्ड्यात ठेवलं, तर फोटो निघेपर्यंत टोकू नका. नंतरही नको. पुढच्या वर्षी खड्डा तयार सापडतो.

घाणेरी दिसली? असू द्या. इंग्रजांनी शोभेसाठीच आणली होती, शोभू दे. ड्रोनमधून सगळं हिरवं एकसारखंच दिसतं. निर्मूलनाचा निधी आलाच, तर ३१ मार्चच्या आत वरवर छाटून घ्या. मुळाला मात्र हात लावू नका. पावसात ती दुप्पट फुटते आणि पुढचा प्रस्ताव आपोआप तयार होतो. मुळापासून काढून तिथं गवताचं बी पेरणारे काही चक्रम असतात. त्यांचं काम तीन-तीन वर्षं चालतं आणि शेवटी दिसतं काय? गवत!

क्षेत्रफळाची काळजी तर मुळीच नको. माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, गावं-शेतं-रस्त्यांसकट. पुढे ते १,२२२ वर आलं. पक्ष्याला कुठे सातबारा वाचता येतो?

राहता राहिली कमान. तेवढी भक्कम, सिमेंटची बांधा, आणि वर माळढोकाचं मोठं चित्र काढून घ्या. रंग चांगल्यातला वापरा. लोकांना बघायला तोच उरणार आहे.