म्हणे, नागपुरात लाकडी बोट कुजत नाही

जुन्या गाड्यांचा शौक असलेल्या नागपूरकर मंडळींत सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: कोकणात लाकडी बोट कुजते, आपल्याकडच्या कोरड्या हवेत ती शंभर वर्षं टिकते. म्हणून जुनी महोगनी रनअबाउट स्वस्तात मिळाली तर डोळे झाकून घ्या. टिनाच्या शेडमध्ये ठेवा, फटी पडल्या तर लांबी, म्हणजे पुट्टी, भरा किंवा आत पाणी भरून फुगवा, नाहीतर एकदाच फायबर चढवून मोकळे व्हा. खराब फळ्या सागवानाच्या टाका, वरून जवसाचं तेल मारा, गाडीचं इंजिन बसवा आणि फिरवा रामटेकजवळच्या खिंडसी तलावात.

रनअबाउट म्हणजे वेगात पाण्यावर उचलली जाणारी, व्ही आकाराच्या तळाची उघडी मोटारबोट. मिशिगनमधल्या अल्गोनॅकच्या क्रिस-क्राफ्टनं आणि गार वुडनं त्या गाजवल्या, इटलीत इसेओ तलावाकाठच्या सार्निकोत रिव्हानं. ओकच्या फासळ्यांवर महोगनीच्या फळ्या, पितळी किंवा ब्राँझचे स्क्रू, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाकडाचाच छोटा डाट आणि वर व्हार्निशचे थरावर थर. अशी वस्तू विदर्भात कोणाच्या हाती लागली तर ती वाचावी असं मलाही वाटतं. म्हणूनच हा मजकूर मुद्द्यामुद्द्यानं खोडून काढतोय.

कोरडी हवा हा त्यातला सगळ्यात पटणारा मुद्दा, आणि अर्धा खराही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांहून जास्त ओल लागते, जोमानं वाढायला त्याहून पुष्कळ. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ दिवसांत, ४५ अंशांच्या उन्हात आणि २० टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेत, लाकडातली ओल ४-५ टक्क्यांवर येते. तिथे बुरशी वाढूच शकत नाही. पण बोट काय फक्त कुजूनच मरते? तेच लाकूड ऑगस्टमध्ये उघड्या हवेत १६-१७ टक्क्यांवर जातं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हलतं. सहा इंच रुंद महोगनीची फळी या एवढ्या फरकात दोन ते तीन मिलिमीटर कमी-जास्त होते. पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकणारं दार प्रत्येकाच्या घरी असतं. बोटीच्या तळाला अशा फळ्या एकमेकींना खेटून बसवलेल्या असतात आणि प्रत्येक फळी स्क्रूंनी फासळीला जखडलेली असते.

पुढचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. फुगलेल्या फळीला सरकायला जागा नसली की तिच्या कडेचे तंतू चिरडतात. चिरडलेले तंतू परत पूर्ववत होत नाहीत, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात तीच फळी आधीपेक्षा अरुंद होऊन सुकते. दरवर्षी फट थोडी रुंद, स्क्रूचं भोक थोडं सैल. या बोटी ज्या तलावांसाठी बांधल्या, तिथे त्या पाण्यावरच्या बोटघरात, पट्ट्यांवर टांगून ठेवत. खाली पाणी, वर छप्पर, हवा कायम दमट आणि गार. म्हणजे कारखान्यानं गृहीत धरलेली हवा आणि धंतोलीतल्या मागच्या आवारातली हवा यांत काही नातं नाही. नागपुरात बोटीचा शत्रू पाणी नाही, मे आणि ऑगस्ट यांच्यातलं अंतर आहे.

टिनाची शेड हे अंतर वाढवते. आत बाहेरच्याहून जास्त तापतं. उपाय मात्र प्रत्येक नागपूरकराच्या गच्चीवर किंवा खिडकीत आहे: डेझर्ट कूलर. पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्या, कूलर बोटीकडे थेट तोंड न करता भिंतीकडे लावा, आणि भिंतीवरच्या साध्या आर्द्रतामापकावर ५०-६० टक्के राहील असं बघा. लाकूड मग ९-१० टक्क्यांच्या खाली फारसं उतरत नाही. पाऊस सुरू झाला की कूलर बंद, खिडक्या उघड्या. बोटीसाठी कूलर म्हटल्यावर घरचे हसतील, हसू द्या.

पावसाळ्यात कोरडेपणाचा दावा तसाही गळून पडतो. बोट कुजते ती बहुतेक वेळा खालच्या पाण्यानं नव्हे, वरून मुरलेल्या पावसाच्या पाण्यानं. डेकच्या सांध्यातून थेंब आत जातो आणि मागच्या फळीच्या खालच्या कोपऱ्यात किंवा पुढचा खांब कीलला, म्हणजे तळाच्या मधल्या लांब तुळईला, मिळतो तिथे साचून राहतो. वरून ताडपत्री घट्ट आवळली असेल तर झालंच, आत वाफ कोंडते. तळातला बूच काढून ठेवा, नाक थोडं उंच, तळाच्या पाट्या बाहेर, वारा आरपार. आणि शेडची जमीन मातीची असेल तर वाळवीकडे लक्ष द्या. तिला ट्रेलरच्या चाकावरून मातीची वाट बांधायला फार दिवस लागत नाहीत.

आता लांबी. उन्हाळ्यात पडलेली फट कडक इपॉक्सी पुट्टीनं भरली की बोट छान दिसते, जुलैपर्यंत. मग फळी फुगते आणि जिथे जायचं ती जागा दगडासारख्या पुट्टीनं अडवलेली असते. एकतर फळीची कड चिरडते, किंवा स्क्रू उपटतात, किंवा फासळीच तडकते. फट ही दुरुस्तीची जागा नाही, ती हवामानाची नोंद आहे. बोट पाण्यात जाणार असेल तर सुकलेल्या तळाला आधी काही दिवस आतून ओली पोती आणि धिम्या पाण्यानं भिजवायचं, मग पट्ट्यांवर टांगून पंप चालू ठेवत हळूहळू पाण्यात उतरवायचं. फळ्या आपोआप मिटतात.

‘आत पाणी भरून फुगवा’ ही सूचना मात्र धोकादायक आहे. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. बोटीचा तळ बाहेरून येणारा दाब झेलायला बांधलेला असतो, ट्रेलरच्या दोन पट्ट्यांवर टेकून आतल्या टनभर पाण्याचं ओझं सहन करायला नाही. फळ्या खाली निसटतील किंवा तळाला बाक येईल, आणि बाक आलेली रनअबाउट नंतर वेगात कधीच सरळ धावत नाही. ट्रेलरवरसुद्धा बोटीचं वजन कीलवर पडायला हवं, बाजूच्या पट्ट्या फक्त तोल सांभाळायला.

फायबरवर जरा थांबावं लागेल, कारण हा सल्ला समजदार माणसंही देतात. फायबरचं कापड आणि पॉलिएस्टर रेझिन यांचं कवच हलत नाही, आतल्या फळ्या हलतात. प्रत्येक सांध्यावर कवच ताणलं जातं, मग सुटतं, मग केसासारखी चीर पडते. पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट उरत नाही. म्हणजे ज्या कुजण्याला नागपूरची हवा रोखते असं हा मजकूर सांगतो, त्याच कुजण्यासाठी तो स्वतःच ओलसर घर बांधून देतो. पॉलिएस्टर लाकडाला धरतंही कमीच, इपॉक्सी बरं धरतं, पण फळ्यांची हालचाल तेही थांबवू शकत नाही. पातळ थर तिरपे चिकटवून बनवलेल्या बोटीची गोष्ट वेगळी. तिथे लाकूड मुळातच एकसंध पत्र्यासारखं वागतं.

तरी या सल्ल्यामागची गरज खोटी नाही. वर्षातले बहुतेक दिवस ट्रेलरवर राहणाऱ्या बोटीला पारंपरिक तळ परवडत नाही. त्याला खरा उपाय आहे: जुना तळ काढून आतला थर मरीन प्लायचा, बाहेरचा महोगनीच्या फळ्यांचा, आणि मधे तसंच सांध्यांत रबरासारखं लवचीक राहणारं पॉलियुरेथेन सीलंट. फळ्या हलल्या तर ते ताणतं, फाटत नाही. अशी बोट दरवेळी फुगवावी लागत नाही. मूळपणा गेला अशी हळहळ करायचं कारण नाही. अमेरिकेतली अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटी १९७५ साली सुरू झाली. जतन केलेली बोट कोणती हे ठरवताना तिथे डेक आणि बाजूंचं मूळ लाकूड किती राहिलं हे बघतात. तळ हा झिजणारा भाग मानलेला आहे.

सागवानाबद्दल लकडगंजातल्या लाकूडबाजारात विचारलं तर उत्तर ठरलेलं: “भाऊ, सीपीचा साग आहे बाप्पा, हात लावायचं काम नाही.” सीपी म्हणजे जुना मध्य प्रांत. बल्लारशा-आलापल्लीचा साग उत्तमच, आणि तो महोगनीपेक्षा कमी हलतो हेही मान्य. पण तो थोडा जड, तेलकट, म्हणून डिंक आणि व्हार्निश धरायच्या आधी थिनरनं पुसावा लागतो. रंगात शेजारच्या महोगनीशी कधी जुळत नाही. शिवाय फळीतला पांढरा कच्चा भाग सागाचा असला तरी कुजतोच. संपूर्ण नवी बोट सागाची बांधा, खुशाल. जुन्या बोटीला ठिगळ म्हणून नको. आणि फळी बसवताना घरात आहेत म्हणून लोखंडी स्क्रू अजिबात नाही. ओकमधलं टॅनिन लोखंडाला काळं करून खातं आणि भोकाभोवतीचं लाकूडही मऊ करतं. पितळी स्क्रू जुना असेल तर एक काढून बघा. गुलाबी होऊन ठिसूळ झाला असेल तर त्यातलं जस्त निघून गेलंय.

जवसाचं तेल आपल्याकडे सहज मिळतं, म्हणून मोह होतो. ते उन्हाला अडवत नाही आणि दमट हवेत बुरशीचं खाद्य बनतं. वर तेलानं भिजलेली फडकी गोळा करून मेच्या शेडमध्ये टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. फर्निचरचं कडक पीयू पॉलिशही चालत नाही, लाकडासोबत वाकता येत नसल्यानं ते तडकतं. अतिनील किरणं अडवणारं, लवचीक स्पार व्हार्निश हवं. पहिला हात पातळ, पुढे आठ-दहा हात, प्रत्येक हातानंतर हलकी घासाई. नागपुरात हे काम दिवाळीनंतर, दुपारच्या आत. मे महिन्यात ब्रश फिरवेपर्यंत व्हार्निश सुकायला लागतं.

‘डोळे झाकून घ्या’ला उत्तर एका टोच्यात, म्हणजे अणकुचीदार हत्यारात, आहे. कील, कोपरे, इंजिनाखालच्या फासळ्या इथे टोचा. टोक सहज आत गेलं तर किंमत तिथेच ठरली. वरची चमक कोणीही आठवड्यात आणू शकतो.

खिंडसीबद्दल एकच. इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट, २०२१ नुसार यंत्रावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी लागते, आणि तलावात उतरवण्याआधी तिथली परवानगीही घ्यावी लागते.

राहिलं इंजिन, आणि इथे गंमत संपते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गाडीत गळती झाली तर ती खाली निघून जाते. बोटीत ती तळाच्या पोकळीत साचते, जिथून तिला बाहेर यायला जागाच नाही. म्हणून बोटीच्या इंजिनाच्या कार्बोरेटरवर ज्वाळा अडवणारी जाळी असते, आणि स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर ठिणगी बाहेर न जाऊ देणारे असतात. गाडीच्या इंजिनात हे काही नसतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं, आणि कार्बोरेटरमधल्या कॉर्कच्या फ्लोटवरचा शेलॅकचा थर विरघळवतं, म्हणजे गळती जवळजवळ ठरलेली. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला, फ्लोट बदला, जुनं सहा सिलिंडरचं इंजिन शक्य तितकं मूळचंच ठेवा. पेट्रोल भरल्यावर इंजिनाची झाकणं उघडा, तळातला पंखा किमान चार मिनिटं चालवा, वास घ्या, मगच चावी फिरवा. गाडीचं इंजिन आधीच बसवलं असेल तर वर सांगितलेले सगळे भाग बदलेपर्यंत बोट शेडमध्येच राहू द्या.