तेवीस नंबर कोण?

युनिक्सवर प्रोग्रामने काही उघडलं की त्याच्या हाती पडतो तो फाइल डिस्क्रिप्टर म्हणजे देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवरचा बिल्ला. नुसता आकडा. खणात कोल्हापुरी आहे की झिजलेली स्लिपर, हे बिल्ला सांगत नाही. ते एका कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, ठाऊक. शिवाय बिल्ला परत केलात की लगेच दुसऱ्याला मिळतो, कारण नव्याने मागेल त्याला मोकळा असलेला सगळ्यात लहान आकडा द्यायचा, हा युनिक्सचा दंडकच आहे.

आमच्या सर्व्हरने मध्यरात्री गळा काढला : 'टू मेनी ओपन फाइल्स'. एका वेळी 1024 बिल्ल्यांची मर्यादा संपली होती.

"फाइल्सच ना? बंद करून टाक," मॅनेजर म्हणाले. युनिक्समध्ये सगळंच फाइल असतं हे त्यांना कोणीतरी सांगितलंय आणि त्यांनी ते फारच मनावर घेतलंय.

पण बंद करायचं कोणाला? सर्व्हर ज्या बंदिस्त कंटेनरमध्ये चालतो, त्यात कोणी काय उघडलंय हे दाखवणारं एलएसओएफ नव्हतं (सुरक्षेच्या नावाखाली कंटेनरमध्ये कामाचं काहीच ठेवत नाहीत), आणि मी बाहेरून डोकावेपर्यंत प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, रीस्टार्ट होऊन मोकळी व्हायची. म्हणून प्रोसेसच्या आतच फंक्शन लिहिलं : प्रत्येक आकड्यावर एफस्टॅट मारून कर्नलकडून माहिती घ्यायची, तिच्यातल्या मोड नावाच्या आकड्याला ऑक्टल 0170000 चा मास्क लावून फक्त प्रकार वेगळा काढायचा. 0100000 आलं तर साधी फाइल, 0140000 तर सॉकेट (कनेक्शनचं टोक), 0010000 तर पाइप (दोन प्रोग्रामांमधली नळी). शून्य, एक, दोन नंबरचे तिघेही कॅरेक्टर डिव्हाइस, म्हणजे अक्षरांच्या ओघाने चालणारी उपकरणं, निघाले. टर्मिनलही कॅरेक्टर डिव्हाइस आणि जिथे टाकलेलं सगळं गडप होतं ते डेव्ह-नलही तेच! आता यातलं टर्मिनल कोणतं, हे वेगळं विचारायचं. नसेल तर आज 'इनअ‍ॅप्रोप्रिएट आयऑक्टल' (हा प्रश्न या उपकरणाला लागू नाही) असं सभ्य उत्तर येतं. जुनं युनिक्स सरळ म्हणायचं, 'नॉट अ टाइपरायटर'. ही एररची खूण मागे तशीच राहायची आणि नंतर भलत्याच कारणाने काम अडलं तरी तोच संदेश छापला जायचा. मेल का गेली नाही? तर म्हणे, टाइपरायटर नाही!

इथवर ठीक होतं. तेवीस नंबरपाशी आलो आणि प्रकाराच्या जागी चक्क शून्य. फाइल नाही, सॉकेट नाही, पाइप नाही, डिरेक्टरीसुद्धा नाही. चोवीसही तसाच. पंचविसावाही. खाली लॉग सरकवत राहिलो, तर शून्यांची ही रांग संपेचना. डिस्क्रिप्टर उघडा आहे, काम करतोय, पण जात विचारली की मौन.

मग प्रॉकमध्ये, म्हणजे कर्नल प्रोसेसची माहिती मांडून ठेवतो तिथे, प्रोसेसच्या एफडी डिरेक्टरीतली लिंक वाचून घेतली. तिथे स्वच्छ लिहिलेलं : एनॉन-आयनोड, चौकटी कंसात टाइमरएफडी. म्हणजे नाव-गाव नसलेला टाइमर. कनेक्शन आलं की एका लायब्ररीतून टाइमर जन्माला यायचा. कनेक्शन जायचं, टाइमर मागे उरायचा. पाठोपाठ क्लोजची एक ओळ घातली आणि सर्व्हर गप्प झाला.

सकाळी मॅनेजरना सगळं सांगितलं.

"म्हणजे फाइल्स नव्हत्याच?"

"नव्हत्या."

"मग तो 'टू मेनी ओपन फाइल्स' का म्हणाला?"

उत्तर होतं माझ्याकडे, पण ते 1970 च्या आसपास सुरू होतं आणि त्यांना पुढच्या कॉलला जायचं होतं.