फॉल्स सीलिंगच्या पोटात चार हूक

मुलाने बडोद्यात भायलीला फ्लॅट घेतलाय. चावी मिळाली, सत्यनारायण झाला आणि पुढच्याच रविवारी इंटिरियरवाली मुलगी लॅपटॉप घेऊन आमच्या दांडिया बाजारच्या घरी आली. गोड मुलगी आहे. मला काकू म्हणते, चहाला नाही म्हणत नाही. पण स्क्रीनवर अशा खोल्या दाखवते की त्यात माणसं राहत असल्याचा कुठे मागमूस नाही. चार्जरची वायर नाही, पेपर नाही, फ्रिजवर औषधाची पिशवी नाही. मी काही विचारलं की उत्तर एकच: "काकू, आता हेच चालतं. पुढची दोन-तीन वर्षं तरी."

तर मंडळी, गेले दोन महिने मी या 'आता हेच चालतं'च्या मागे लागले आहे. दुकानं पालथी घातली, मिस्त्रींशी गप्पा मारल्या, मुलाची आणि सुनेची बोलणी खाल्ली. आता बोलते.

पहिला धक्का फरशीचा. मुलीने नमुना काढला: पांढुरक्या टाइलवर काळे, तांबूस, पिवळे ठिपके. "टेराझो, काकू. खूप डिमांड आहे." मी चष्मा लावला. अगं, ही तर आमची मोझॅक! ज्या फरशीवर तू आत्ता पाय ठेवून बसली आहेस, तीच. सासऱ्यांनी १९६८ साली घातलेली. सिमेंटमध्ये संगमरवराच्या कपच्या दाबायच्या आणि वरून घासायचं. पॉलिशवाला मशीन घेऊन आला की तीन दिवस घरभर दुधासारखा चिखल आणि आम्ही सगळे पाटावरून उड्या मारत स्वयंपाकघरात. तिने खाली वाकून पाहिलं, हात फिरवला, फोटो काढला. मी तोवर तिच्या नमुन्याची कड पाहत होते. वर ठिपके, कडेला नुसती सपाट भाजलेली माती. ठिपके छापलेले! मोरबीचं मला कौतुकच आहे, देशातल्या बहुतेक टाइल्स तिथे होतात आणि छपाई तर अशी की हात लावल्याशिवाय कळू नये. पण दुकानात चार-पाच टाइल्स शेजारी मांडल्यावर बदामाच्या आकाराचा तोच ठिपका परत परत दिसायला लागला. आमची फरशी झिजली की घासून नवी होते, कारण कपची आत खोलवर असते. छापलेली घासली तर खाली काय निघणार?

मग मी हेच सगळीकडे शोधायला लागले. वेताची जाळी परत आली आहे, पण पुष्कळ ठिकाणी प्लास्टिकची. चुन्याच्या गिलाव्याची भिंत परत आली आहे, पण 'इफेक्ट' म्हणून, डब्यातल्या पेंटने. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा ज्यांनी पाहिलाय त्यांना विचारा, चार मजली लाकडी वाडा आणि भिंतींवर १९व्या शतकातली चित्रं. तिथून बाहेर पडून 'लाइम इफेक्ट'चं कार्ड बघितलं की हसू येतं. म्हणजे आपलंच जुनं घर परत येतंय, पण बरंचसं फोटोत दिसण्यापुरतं.

यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय, असं मुलगा विचारतो. त्याला मी ऑगस्ट २०२४ ची आठवण करून देते. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, त्या जन्माष्टमीच्या पाठोपाठ पाणी ३५ च्या वर गेलं होतं. धाकटी नणंद समाला तळमजल्यावर राहते. दोन दिवस तिच्या घरात कमरेएवढं पाणी. (अकोट्याच्या छपरावर बसलेल्या मगरीचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. नणंदेकडे फक्त बेडूक आले.) पाणी ओसरल्यावर आम्ही बादल्या-खराटे घेऊन गेलो. सहा महिन्यांपूर्वी केलेलं टीव्ही युनिट समोर उभं होतं, वरून अक्रोडाचं लाकूड आणि आतून एमडीएफ. खालची कड चहात बुडवलेल्या पावासारखी फुगलेली. दार लागेना. बोट दाबलं तर ओला भुसा नखात. लाकडाच्या तंतूंचा लगदा गोंदात दाबून ती फळी करतात, एकदा फुगली की वाळून पुन्हा बसत नाही.

त्याच खोलीत सासूबाईंनी तिला लग्नात दिलेला संखेड्याचा सोफा होता. सागवान, खरादावर कातलेले पाय, वर लाखेचा थर. सोनेरी वेलबुट्टी असते ना, ती कथलाची असते, लाखेखाली सोनेरी दिसते. संखेडा २०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात गेलं म्हणे, आमच्या लेखी ते बडोद्याचंच. तर तो सोफा आम्ही नळीने धुतला आणि गच्चीत सावलीला ठेवला. एका पायाची लाख पांढुरकी पडली, दोन सांधे ढिले झाले ते सुताराने ठोकून दिले. गणपती आठ-नऊ दिवसांवर होते. आरतीला माणसं त्याच सोफ्यावर बसली. टीव्ही युनिट तोपर्यंत कचऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये गेलं होतं.

म्हणून मी एक हट्ट धरला. कोटेशनमध्ये 'ब्रँडेड प्लाय' असं मोघम नको, 'आयएस ७१०' असं लिहून दे. मरीन ग्रेड म्हणतात ते. ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून त्याची परीक्षा घेतात. घरभर नको, ओट्याखाली, बेसिनखाली आणि जमिनीला टेकणाऱ्या प्रत्येक गोष्टीला हवं. भाव वाढला, चिरंजीवांचा चेहरा उतरला. मग छतातल्या दिव्यांच्या दोन पट्ट्या कमी केल्या आणि हिशोब जुळला. फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे, तिथे विश्वामित्री कशी येईल, असं सून हळूच म्हणाली. विश्वामित्री नाही येणार, पण सिंकचा पाइप गळायला कितवा मजला लागतो?

उभ्या खाचांच्या पॅनेलबद्दल थोडक्यात: नको. टीव्हीमागे, पलंगामागे, लिफ्टमध्ये, दातांच्या डॉक्टरांकडेसुद्धा तेच लागलंय. एप्रिल-मेची आपली धूळ प्रत्येक खाचेत बसते आणि ती काढायला जुना टूथब्रश लागतो. मोजून सांगते, नणंदेच्या नव्या पॅनेलला १४४ खाचा आहेत. हो, तिने पुन्हा लावलं. माणूस पुरानेही शिकत नाही.

रंगांची तर गंमतच. पॅन्टोन नावाची कंपनी दरवर्षी 'वर्षाचा रंग' जाहीर करते. २०२५ ला मोका मूस, म्हणजे कॉफीत दूध जरा जास्त झाल्याचा रंग. २०२६ साठी क्लाउड डान्सर, म्हणजे पांढरा! दिवाळीच्या आधी भिंतींना चुना काढायचो तेव्हा आम्ही काळाच्या किती पुढे होतो, कोणी सांगितलंच नाही. पांढऱ्याला माझी ना नाही, पण ओपन किचनला लागून ती भिंत घ्याल तर वर्षभरात फोडणीची हळद तिला आपला रंग देईल.

एक प्रश्न मात्र मी अगदी साधेपणाने विचारला आणि मुलगी गोंधळली. गणपती कुठे बसणार? तिने लगेच देवघराचं डिझाइन उघडलं, मागून उजेड आणि मधे कोरलेला ओम. तो नव्हे गं, भाद्रपदातला. मखर, चौरंग, बाजूला गौरी उभ्या, समोर पन्नास माणसं आरतीला. ड्रॉइंगमध्ये एकही भिंत मोकळी नव्हती. कुठे बुटकं युनिट, कुठे पॅनेल, कुठे आरसा. शेवटी एक पाच फुटांची भिंत कोरी ठेवायची ठरली, खाली एक प्लग पॉइंट. तिने डायरीत लिहिलं: 'गणपती वॉल'. पुढच्या गिऱ्हाइकाला ती हाच ट्रेंड म्हणून विकेल. खुशाल विकू दे.

आवडलेल्या गोष्टीही आहेत, उगाच खडूसपणा करणार नाही. पिवळसर उजेड, ३००० केल्विनचा. आयुष्यभर आपण ६५०० च्या पांढऱ्याफटक ट्यूबखाली ऑपरेशन थिएटरमध्ये बसल्यासारखे जेवलो. ओट्याखाली कपाटांऐवजी मोठे ड्रॉवर. कुकरचं झाकण शोधायला आता आत डोकं घालावं लागत नाही. बाथरूममध्ये खरखरीत टाइल आणि धरायला दांडी, ही मी मागितली नव्हती, मुलीनेच सुचवली. आणि ओट्याची उंची. ती ३४ इंच लिहून आली होती. सून उंच आहे, तिला ठीक. मी पाच फुटांच्या आत. मग पोळ्या लाटायला एक कोपरा ३० इंचांचा केला. तो बिघडलेला दिसतो, असं मुलाचं मत आहे. लाटायला तो येणार नाही.

राहता राहिला हिंचका. शुद्ध मराठीत झोपाळा, पण चार पिढ्या बडोद्यात काढल्यावर आमच्याकडे हिंचकाच. मुलीने पारदर्शक अॅक्रिलिकचा, स्टँडवर टांगलेला दाखवला होता. मी म्हटलं, आमचा सागवानी पाट आणि मोर-हत्ती घडवलेल्या पितळी कड्या इथेच लटकतायत, तोच न्यायचा. "स्लॅबला भोकं पाडावी लागतील काकू, सीलिंग तर होऊन गेलं." इथले कितीतरी बिल्डर स्लॅब भरतानाच हिंचक्याचे हूक सोडतात, हे मला ठाऊक होतं. बिल्डरच्या माणसाला फोन केला. चार हूक सोडले होते, दिवाणखान्यातच. आमच्याच पीओपीवाल्याने ते वर गाडून टाकले होते.

काल सीलिंगला चार गोल भोकं पाडली. हूक जागेवर होते, गंज नाही. आता अडचण उरली उंचीची. इथलं छत अकरा फूट, तिथलं साडेनऊ. प्रत्येक साखळीतली एकेक कडी काढावी लागणार. सासूबाई बसायच्या त्या बाजूला मोर आहे, मुलगा लहानपणी ज्याला लोंबकळायचा तो हत्ती. मोर काढायचा की हत्ती, यावर घरात अजून एकमत नाही आणि मिस्त्री शनिवारी येतोय.