पोरं वाटू नका, कामं वाटून घ्या

पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरात अठरा वर्षांखालचं एक जरी मूल आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा ही मनापासून विनंती.

आईवडील दोघंही गेले की मागे राहिलेल्या मुलांचं काय करायचं हे आपल्याकडे साधारण तेराव्याच्या आत ठरतं. हॉलमध्ये सतरंजी टाकलेली, मोठी माणसं भिंतीला टेकून बसलेली, कुणाचीच धड झोप झालेली नाही आणि अशा अवस्थेत तासाभरात पोरांचं पुढचं अख्खं आयुष्य ठरवून टाकायचं. त्यात बहुतेक वेळा दोनपैकी एक होतं. एक तर भावंडं वाटली जातात, मुलगी मावशीकडे, मुलगा काकाकडे. नाहीतर घरात जो बिनलग्नाचा असेल त्याच्याकडे सगळे वळून बघतात, "हा मोकळाच आहे ना". त्याने एकदा मान हलवली की बाकीचे गाडीत बसून आपापल्या गावाला.

माझ्या मते हे दोन्ही चूक आहे आणि मी हे आतून बघितलंय म्हणून बोलतोय.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. माझी ताई आणि दाजी एकाच आठवड्यात गेले. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा, हिंजवडीत नोकरी, वाकडला तीन मित्रांबरोबर फ्लॅट, शुक्रवार संध्याकाळ झाली की सॅक पाठीला आणि राजमाची नाहीतर हरिश्चंद्रगड, पुढच्या महिन्यात काय हा विचार कधी केलाच नव्हता कारण करायची गरजच पडली नव्हती. ई-पास काढून बाईकवर नाशिकला पोचलो तेव्हा थोरली नऊ वर्षांची आणि धाकटा पाच वर्षांचा, शेजारच्या काकूंकडे होते. त्या काकूंनी त्या दिवसांत दुसऱ्याची पोरं घरात घेतली, ज्या दिवसांत लोक सख्ख्यांना दार उघडत नव्हते, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आमच्याकडे सतरंजीवरची बैठक नव्हती, लॉकडाऊन होतं, जिल्हाबंदी होती. सगळं व्हिडिओ कॉलवर ठरत होतं. माझी मोठी बहीण, तिला आम्ही अक्का म्हणतो, ती संभाजीनगरला असते, ती म्हणाली मुलीला मी नेते, मुलीच्या जातीला बाई माणूस हवं. दाजींचे थोरले भाऊ मनमाडला, ते म्हणाले मुलगा आमच्या घरचा आहे, आमच्याकडे राहील. दोघांचीही नियत चांगली होती, हे मी मुद्दाम लिहितोय, कारण अशा गोष्टी वाईट माणसं करतात असं नाही, रडून रडून डोळे सुजलेली चांगली माणसंच करतात. आत थोरली सगळं ऐकत होती. कॉल संपल्यावर मी खोलीत गेलो तर तिने दोघांचे कपडे एकाच बॅगेत भरले होते आणि मला विचारलं, मामा ही बॅग कोणाकडे न्यायची?

मी तिथेच ठरवलं की बॅग कुठेच जाणार नाही. मुलं त्यांच्याच घरात, त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच बिल्डिंगमध्ये राहतील, जायचं-यायचं असेल तर मोठ्यांनी. मी पुण्याचा फ्लॅट सोडून नाशिकला आलो, आमची आई गावाहून आली, तिची स्वतःची लेक गेली होती आणि गुडघे दुखत होते तरी आली.

ज्या मुलांचे आईबाप गेलेत त्यांच्याकडे त्या घराची आठवण असलेलं दुसरं माणूस एकच उरतं, सख्खं भावंड. "आई अशी पोळी करायची का रे" हे थोरली फक्त धाकट्यालाच विचारू शकते. तेही काढून घेतलं तर मग काय उरलं? आणि "सुट्टीत भेटतीलच की" हे अजिबात म्हणू नका. सुट्टीत भेटतात ती चुलत-मावस भावंडं.

आता दुसरी गोष्ट, "मोकळा आहे" वाली. बिनलग्नाचा, हिंडणारा पोरगा पालक म्हणून चालणार नाही असं बऱ्याच जणांना वाटत होतं आणि तरी देताना त्यालाच द्यायचं होतं. मला वाटतं चालतो, चांगला चालतो, पण त्याला एकट्याला सोडलं नाही तर. मुलं मला आधीपासून ओळखत होती, मी त्यांना बाईकवर पुढे बसवून फिरवणारा मामा होतो. माझ्याकडे अंगात जोर होता, रात्री उठायची तयारी होती. आणि माझे ट्रेकवाले मित्र, ज्यांना सगळे वाया गेलेली गँग म्हणायचे, त्यातला एक नाशिकचाच, तो आजही रविवारी सकाळी धाकट्याला क्रिकेटच्या मैदानावर घेऊन जातो आणि मला तीन तास मिळतात. आम्ही सगळे मिळून पोरांना रामशेजला नेलं, अंजनेरीला नेलं. संभाजी महाराजांच्या काळात हा एवढासा रामशेज मुघलांना कित्येक वर्षं हाती लागला नाही हे धाकटा आता येईल त्या पाहुण्याला ऐकवतो.

आपल्याकडे मामाला मान केवढा, जावळ मामाच्या मांडीवर, लग्नात नवरीला मंडपात मामा आणणार. पण हे सगळे फोटोचे दिवस झाले. रोजच्या मंगळवारी सकाळी साडेसहाला डबा, वेणी, एका मोज्याचा दुसरा सापडत नाही, शाळेच्या पालक ग्रुपवर सगळ्या आया आणि मी एकटा, असे दिवस वर्षभर असतात. आणि ते एकट्याने पेलत नाहीत, लग्न झालेल्यालाही पेलत नाहीत.

म्हणून मी त्या पहिल्या महिन्यातच अक्का आणि मनमाडचे काका दोघांना म्हणालो, तुम्ही पोरं मागत होतात ना, पोरं नका घेऊ, कामं घ्या. आणि त्यांनी घेतली, त्याचं श्रेय त्यांचं. काकांनी कोर्टाचं आणि सगळ्या कागदांचं घेतलं, शिवाय उन्हाळ्याची सुट्टी दोघांनी मनमाडला काढायची, दोघांनी, एकत्र. अक्का रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर थोरलीचा अभ्यास घेते, मराठी आणि इतिहास. पाळीबद्दलही अक्काच सुट्टीत येऊन सविस्तर बोलली, पण मी तेवढ्यावर सोडलं नाही. पॅड कुठे ठेवलेत, कुठले आहेत, शाळेच्या दप्तरात एक छोटा पाऊच कायम असला पाहिजे हे मी पण तिला सांगितलं, साध्या शब्दांत, आणि पोट दुखलं तर मला सरळ सांगायचं असंही. कारण रात्री अकराला अक्का संभाजीनगरला असते आणि घरात मी असतो. पुरुष पालक असला की हा विषय शेजारच्या बायकांवर ढकलायचा ही पद्धत मला पटत नाही, मुलीला त्यातून एवढंच कळतं की या माणसाला माझी ही गोष्ट चालत नाही.

आणि "लग्न कर, बायको आली की पोरांचं बघेल" हे म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगतो, कृपा करून थांबा. बायको ही बिनपगारी आया म्हणून आणायची असते का? जी मुलगी येईल तिला आधी पूर्ण चित्र दिसलं पाहिजे. स्थळं आली, चहा झाला आणि बाहेर निघताना हळूच विचारलं गेलं की मुलांना पुढे होस्टेलला ठेवणार असाल ना. नाही ठेवणार. विषय संपला.

मुलांसमोर "बिच्चारी पोरकी" म्हणू नका. लग्नाकार्यात माझ्या भाचीच्या गालावरून हात फिरवून डोळ्याला पदर लावणाऱ्या बायका मी बघतो आणि पोरगी तिथून सरळ बाथरूममध्ये जाऊन बसते. आणि तिच्यासमोर मला म्हणू नका की केवढा त्याग केलास. तुम्ही माझं कौतुक करून निघून जाता, पण ती ऐकत असते की आपल्यामुळे मामाचं काहीतरी गेलं. ते ओझं तिचं नाही. मी हिंजवडी सोडली, पगार कमी झाला, ट्रेक कमी झाले, खरं आहे, पण हा हिशोब तिच्या कानावर का घालायचा?

लहान मुलाला "आई झोपली", "आई लांब गावाला गेली" असलं पण सांगू नका. धाकट्याला कोणीतरी झोपली म्हणून सांगितलं होतं, तो आजीला दुपारी झोपू देईना, हलवून हलवून उठवायचा. मग मी त्याला समोर बसवून सांगितलं की आई मेली, तिचं शरीर थांबलं, ती परत येणार नाही, आणि मी आहे. तो खूप रडला. पण आजीला झोपू द्यायला लागला. अजूनही मला यायला उशीर झाला तर फोन येतो आणि मी कुठल्याही मीटिंगमध्ये असलो तरी तो फोन उचलतो, याबाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही.

आता कागदांचं, कारण इथेच लोक सगळ्यात जास्त अडकतात. मुलं तुमच्याकडे राहतात म्हणून तुम्ही कायद्याने पालक होत नाही. मामा असो, काका असो, आजी असो. १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट आहे, त्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करून पालक म्हणून नेमणूक घ्यावी लागते. आमच्यात काकांनी ना हरकतीचं प्रतिज्ञापत्र दिलं आणि न्यायाधीशांनी थोरलीला स्वतःला विचारलं की तुला कोणाजवळ राहायचंय. मूल समजण्याइतकं मोठं असेल तर त्याची इच्छा कोर्ट लक्षात घेऊ शकतं, ही त्या कायद्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. आणि मुलांच्या नावचं घर विकायचं म्हटलं तर कोर्टाची परवानगी लागते, नुसतं सांभाळतोय म्हणून कोणालाही विकता येत नाही. ज्यांना कोणी "फ्लॅट विकून एफडी करून टाक" असा सल्ला देतंय त्यांनी हे डोक्यात पक्कं ठेवा.

दाजी अंबड एमआयडीसीत होते. त्यांच्या पीएफला नॉमिनी ताई, ताईच्या पॉलिसीला नॉमिनी दाजी. दोघंही नाहीत. म्हणजे पैसा आहे पण हात लागत नाही, असं किती घरांत झालं असेल त्या वर्षी. पीएफवाल्यांनी हे माहीत करून घ्या, पेन्शन योजनेत अनाथ मुलांना वेगळी पेन्शन आहे, विधवा पेन्शनच्या ७५ टक्के, एका वेळी दोन मुलांना, वयाच्या २५ पर्यंत. शिवाय पीएफबरोबर जो विमा असतो तो ७ लाखांपर्यंत मिळतो. हे मला कोणी आपणहून सांगितलं नाही, काकांनी शोधून काढलं.

कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने ५ लाखांची ठेव ठेवली, केंद्राच्या पीएम केअर्समधून १० लाखांची तरतूद आहे जी २३ व्या वर्षी मुलांच्या हातात येते. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या बालस्वराज पोर्टलवर जानेवारी २०२२ पर्यंत देशभरात, कोविडने किंवा इतर कारणाने, दोन्ही पालक गेलेल्या १०,०९४ मुलांची नोंद झाली होती. या मदतीबद्दल मी कृतज्ञ आहे. पण हायवेवरच्या अपघातात ज्यांचे आईबाप गेले त्या मुलांची भूक वेगळी असते का? त्यांच्यासाठी एवढं काही नाही. एक मात्र आहे, आपली बालसंगोपन योजना, ती कोविडपुरती नाही, नातेवाईकांकडे राहणाऱ्या मुलांना पण मिळते, आता महिन्याला २२५० रुपये आहेत. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करायचा. मृत्यूचे दाखले, शाळेचा बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, पासबुक आणि मुलांसोबत घरासमोर उभं राहून काढलेला फोटो. कुठे जायचं कळत नसेल तर मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला फोन लावा.

हे सगळं आज लिहितोय कारण ओळखीत परत तेच झालंय, अपघातात नवरा-बायको गेले, मागे तीन पोरं, आणि चोवीस वर्षांच्या काकाकडे सगळे बघतायत. मी त्याच्याशी बोललोय. त्याचा पहिला प्रश्न होता, मला जमेल का. मी म्हणालो जमेल, पण आज रात्रीच वही घेऊन बस आणि प्रत्येक नातेवाइकाच्या नावासमोर एक काम लिही, पैसे नाही, काम. आठवड्यातला एक दिवस, एक विषय, एक कोर्टाची तारीख. जो नुसता सल्ला देईल त्याचं नाव वहीत घेऊ नको.

आणि ज्यांची मुलं लहान आहेत आणि तुम्ही दोघं धडधाकट आहात, तुमच्यासाठी शेवटचं. मृत्युपत्रात मुलांचा पालक कोण हे लिहून ठेवता येतं, हिंदू कायद्यात तशी सोय आहे, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि ठेवून द्या. पॉलिसी, पीएफ, बँक सगळ्याची एक यादी करा, नवरा-बायको एकमेकांना नॉमिनी असाल तर दोघंही नसल्यावर काय होईल तेही बघून घ्या. आणि ज्याचं नाव लिहाल त्याला आधी विचारा, समोर बसवून विचारा. ताईने मला विचारलं असतं तर मी हो म्हणालोच असतो. पण मग थोरलीला पावसाळ्यात दम्याचा पंप लागतो आणि तो कपाटाच्या कुठल्या कप्प्यात असतो हे मला ताईने सांगितलं असतं, रात्री दोन वाजता सगळं घर उलटंपालटं करून शोधायला लागलं नसतं.