तो तारा फुटत नाहीये, जन्मतोय

लातूर-धाराशिवच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर निळ्या-नारिंगी डमरूचा फोटो फिरतोय: ‘आज रात्री तारा फुटणार, गच्चीवर जा.’ थंडीत उगाच कुडकुडू नका. फोटो जेम्स वेब दुर्बिणीचा, नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला. वृषभ तारकासमूहातल्या वायू-धुळीच्या ढगात, सुमारे ४६० प्रकाशवर्षांवर, एल-१५२७ हा जेमतेम लाखभर वर्षांचा (ताऱ्यांच्या हिशेबात तान्हाच) तारा घडतोय. डमरूच्या कमरेतली काळी रेघ नीट पाहा: ती त्याच्याभोवतीची वायू-धुळीची चकती, कडेने दिसणारी. चकतीतला वायू ताऱ्यावर पडतो. त्यातला काही दोन्हीकडे वेगाने फेकला जातो आणि ढगात पोकळ्या कोरतो. तेच डमरूचे दोन भाग. प्रकाश अवरक्त, म्हणून साध्या डोळ्यांना काहीच दिसणार नाही. रंगही नंतर दिलेले.